रात्री तीनचा गजर

गुंगी उतरता उतरता पहिलं कानावर पडलं ते आईचं बोलणं. ती दाराशी उभी राहून कुणाला तरी फोनवर सांगत होती, "मुलगी झाली. बाळ काचेत ठेवलंय."

काचेत ठेवलंय. शेजारपाजारच्या बाळंतपणांत हे शब्द लहानपणापासून ऐकले होते. पण काचेत म्हणजे नेमकं कुठे, तिथे बाळ काय करतं आणि त्याच्या आईने काय करायचं असतं, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. पुढचे ४४ दिवस मी तेच शिकले, आणि एकटी शिकले नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ऑगस्ट २०२३. मला नुकते तीस आठवडे पूर्ण झाले होते. पायांवर सूज होतीच. त्या रविवारी डोकं ठणकायला लागलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. पुण्यात घराजवळच्या रुग्णालयात गेलो, तर बीपी १७०/११०. बाळाच्या फुप्फुसांसाठी चोवीस तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं दिली आणि मग सीझर. मुलीचं वजन १,२४० ग्रॅम. वाणसामानातली साखरेची किलोची पिशवी हातात घेतली की अजूनही मला ते वजन तळहातावर जाणवतं.

भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही." मग माझी मुलगी सातव्यातली धरायची की आठव्यातली, याचा हिशेब माझ्या उशाशीच बसून सुरू झाला. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी तो ऐकला आणि सरळ सांगितलं, "असं काही नसतं. पोटात मिळालेला एकेक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आता जे करायचं ते बाहेर करू." तेवढ्याने खोलीतली बोलणी थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक सिस्टर सिरिंज घेऊन आल्या. "चला, चीक काढायचाय." मी म्हटलं, मला दूधच नाही. त्या म्हणाल्या, "दूध येईल तेव्हा येईल. आज चीक." हात साबणाने कोपरापर्यंत धुवायला लावले. अंगठा वर, बोटं खाली, हात चंद्रकोरीसारखा. काळ्या भागाच्या जरा मागे धरायचं, आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, मग सोडायचं. चोळायचं नाही, ओढायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी एक पिवळाधमक थेंब आला. त्यांनी तो सिरिंजच्या टोकाने टिपून घेतला. असं करत करत अर्धा एमएल जमला. ती सिरिंज त्या दोन्ही हातांत धरून घेऊन गेल्या आणि तासाभराने खास परत येऊन मला म्हणाल्या, "गेलं पोटात." सीझरचे टाके, बीपी, सलाइन, सगळं विसरून मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

त्यानंतर वेळापत्रक हातात आलं. सकाळी नऊ, बारा, तीन, सहा. रात्री नऊ, बारा, तीन, सहा. दिवसातून आठ वेळा. बाळ स्वतः ओढत नाही, तेव्हा शरीराला कळायला हवं की बाळ आहे. आणि रात्रीची वेळ चुकवायची नाही, कारण दूध वाढवणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं. हे सगळं सिस्टरांनी एका दमात सांगितलं. सांगायला एक मिनिट लागलं. करायला काय लागतं ते फक्त करणारीलाच कळतं.

एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या बाहेर चपलांचा रॅक होता, हात धुवायचं मोठं बेसिन होतं आणि एक लांब स्टीलचा बाक होता. आत नावाने कुणी ओळखत नाही. बाळांची अजून बारशी झालेली नसतात आणि आयांची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. दार उघडून सिस्टर हाक मारायच्या, "सहा नंबर आई!" मग सहा नंबरच्या काचेच्या पेटीतल्या बाळाची आई उठायची. मी नऊ नंबर. बाकावर माझ्या एका बाजूला चार नंबर, धाराशिवकडची, नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. दुसऱ्या बाजूला अकरा नंबर, चाकणची, एका कारखान्यात कंत्राटावर. सहा नंबर भोरची, बालवाडीत शिकवणारी. दोन नंबर बारामतीची, आमच्यात सगळ्यात लहान, तेवीस वर्षांची. आम्ही आजही एकमेकींना नंबरानेच हाक मारतो. नावं सगळ्यांना पाठ आहेत, पण ती तोंडात येत नाहीत.

चौथ्या दिवशी अकराने सगळ्यांचे फोन नंबर घेतले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. तिथेच बाकावर बसून नाव काय द्यायचं ते चाललं होतं. लाडक्या लेकी, छोटे योद्धे, असलं काहीबाही. दोन नंबर म्हणाली, "तीनचा गजर ठेवा." तेच राहिलं.

घरी सोडल्यावर त्या गजराचा अर्थ कळला. बाळ रुग्णालयात आणि आई घरी. पाळणा रिकामा, दुपटी घडी करून ठेवलेली. रात्री तीनला उठायचं, तर रडणारं कुणी नाही, पाजायला कुणी नाही. स्वयंपाकघरात दिवा लावायचा, उकळून ठेवलेली वाटी घ्यायची आणि भिंतीकडे बघत बसायचं. पहिल्या रात्री गजर बंद करून मी तशीच पडून राहिले होते. मग फोन उजळला. चार नंबर : "उठले." मागोमाग अकरा : "मीपण." दोन : "बसले." सहा : "डोळे उघडत नाहीत गं, पण बसले." मी उठले. त्या रात्री कुणी दुसरं काहीच लिहिलं नाही. तीन वाजून चाळीस मिनिटांनी एकेकीचं "झालं" आलं आणि आम्ही झोपलो. पुढे कित्येक रात्री आमचं एवढंच बोलणं व्हायचं. जावा-नणंदा, शाळेतल्या मैत्रिणी सगळ्या प्रेमाने चौकशी करत होत्या, पण रात्री तीनला जागं असणं फक्त या चौघींनाच शक्य होतं.

पहिली खोट लवकरच आली. अकराला भरपूर पान्हा. आठव्या दिवशी तिने डबीचा फोटो टाकला, एका वेळचं १२० एमएल. तिला आनंद झाला होता आणि तो सांगायला आमच्याशिवाय कोण होतं? पण माझ्या वाटीत तेव्हा पंधरा एमएल होतं. मी त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळीही दूध काढलं नाही. कशाला काढायचं, असं झालं. दुपारी बाकावर चारने विचारलं, "नऊ, चेहरा का असा?" आणि मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. अकराचे डोळे भरले. तिने फोटो काढून टाकला, आणि आमचा पहिला नियम झाला : ग्रुपवर आकडा लिहायचा नाही. एमएल नाही, ग्रॅम नाही. ज्याचं वजन वाढलं त्याच्या आईने "आज छान" एवढंच लिहायचं. माझ्या मते हा आम्ही केलेला सगळ्यात शहाणपणाचा नियम. एनआयसीयूत आकड्यांशिवाय दुसरं काही नसतंच. ऑक्सिजन किती, वजन किती, काविळीचं बिलिरुबिन किती, बिल किती. निदान रात्री तीनला तरी त्यातून सुटका हवी होती.

दुसरा नियम आपोआप झाला : औषध सांगायचं नाही. खुराकावर मात्र मनसोक्त बोलायचं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, शतावरी कल्प, बाळंतशोपा, कुणाच्या सासूने काय केलं आणि कुणाच्या घरून डब्यातून काय आलं. सहाची आई खसखशीची खीर बरणीत भरून पाठवायची, आणि ती बाकावर बसून आम्ही पाचजणी एकाच चमच्याने खायचो. पण बाळाला गुटी द्यावी का, मध चाटवावा का, असं काही आलं की एकच उत्तर ठरलेलं : डॉक्टरांना विचार.

चार नंबर आमच्या मागच्याच गल्लीत एका नातेवाइकांच्या खोलीत राहत होती. खोलीत फ्रिज नव्हता. काढलेलं दूध बाहेर चार तास ठेवता येतं, त्यापुढे फ्रिज लागतो, आणि आमच्या युनिटमध्ये फ्रिजमधलं चोवीस तासांच्या आतलंच घेत. तिचं रात्रीचं दूध वाया जात होतं. मी सासूबाईंना सांगितलं. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडू नये म्हणून पहिले दोन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला होता. त्याच सासूबाईंनी दूध-दह्याचा कप्पा रिकामा केला, सोड्याने पुसून घेतला आणि त्यात झाकणाचे दोन स्टीलचे डबे ठेवले. एकावर "९", एकावर "४". एकीचं दूध चुकून दुसरीच्या बाळाला जाता कामा नये म्हणून प्रत्येक डबीवर नंबर, तारीख, वेळ. चारचा नवरा रात्री बाराला येऊन डबी देऊन जायचा. रात्री तीनची आणि पहाटे सहाची डबी तो सकाळी रुग्णालयात नेताना आमच्याकडून आधीचीही उचलायचा. सासूबाई त्याला चहा दिल्याशिवाय सोडत नसत. मुलीची पाचवी आम्ही घरीच पुजली होती, पाट्यावर, कोरा कागद आणि पेन ठेवून, बाळ समोर नसताना. पुढे चारच्या बाळाच्या नावानेही त्यांनी पेन ठेवलं. "सटवाईने त्याचंही नीट लिहावं," म्हणाल्या.

चारच्या घरची दुसरी काळजी पैशांची. आमच्या बाकावर कुणाच्याच घरी पैसा मुबलक नव्हता, पण तिचा नवरा बैल विकायच्या गोष्टी करायला लागला होता. सहाच्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नवजात बाळांचे उपचारही बसतात. खाली या योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल होतं. तिथून आम्ही रोज जात-येत होतो, पण ते कशासाठी आहे हे एकीलाही ठाऊक नव्हतं. रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांचं पत्र, सगळं जमवायला तीन दिवस गेले. कागद गावाकडे राहिले होते, ते एसटीच्या कंडक्टरच्या हाती आले. मंजुरी आली तेव्हा चारने ग्रुपवर फक्त "बैल राहिले" असं लिहिलं.

माझ्या मुलीला पहिले तीन दिवस दुसऱ्या आयांचं दूध दिलं होतं. माझी परवानगी घेऊन, रुग्णालयाच्या दूधपेढीतून. तेव्हा सही करताना मन खट्टू झालं होतं. नंतर सिस्टरांकडून कळलं की अशी पेढी आशियात सगळ्यात आधी आपल्या मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. देणाऱ्या आईच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि गुप्तरोगासाठी तपासणी होते. मग दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, थंड करून गोठवतात. महिनाभराने माझंही दूध मुलीला पुरून उरायला लागलं, तेव्हा मी रोज एक डबी पेढीत द्यायला लागले. माझी मुलगी कुणाच्या दुधावर तगली हे मला कधीच कळणार नाही. कुणाचं बाळ माझ्या दुधावर तगलं हेही नाही.

अकराव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "नऊ, आज कांगारू." मला वाटलं होतं बाळ हातात देतील. त्यांनी पुढून उघडणारा गाऊन घालायला लावला, आरामखुर्चीत मागे रेलून बसवलं आणि मुलीला पेटीतून काढलं. अंगावर फक्त टोपडं, मोजे आणि लंगोट. नाकात नळी, तोंडात नळी, पायाला लाल दिव्याची पट्टी. तिला माझ्या उघड्या छातीवर उभी ठेवली, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला. वरून कापडाने मला आणि तिला एकत्र बांधलं. तिचं सगळं अंग माझ्या दोन तळव्यांत मावत होतं. पाठीचे मणके बोटांना एकेक लागत होते. पहिली पाच मिनिटं मी श्वाससुद्धा बेताने घेत होते. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ८९ होता. मग ९१. मग तिने एक लांब उसासा सोडला, गाल माझ्या छातीला घट्ट चिकटला, आणि आकडा ९५ वर जाऊन तिथेच थांबला. सिस्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी बघितलं तर काचेपलीकडे चार, सहा आणि अकरा एकमेकींच्या खांद्यांवरून डोकावत उभ्या होत्या.

ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली सुरू झाली, पेट्या कमी आणि बाळं जास्त म्हणून. आता पेट्या असल्या तरी जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला आठ तासांपासून चोवीस तासांपर्यंत, जितकं जमेल तितकं करा. आठ तास एका जागी बसायचं म्हणजे कुणीतरी आपल्याला पाणी द्यायला हवं, पाठीमागे उशी सारायला हवी, खाजणारं नाक पुसायला हवं. हे आम्ही एकमेकींचं केलं. दोन नंबरला एकदा लघवीला जायचं होतं आणि तिच्या नवऱ्याला तिच्या जागी बसायची लाज वाटत होती. अकरा त्याला म्हणाली, "दादा, शर्ट काढा आणि बसा. तुमचंच लेकरू आहे." तो बसला. त्यानंतर रोज तासभर तोच बसायचा.

आता दोनबद्दल लिहिते. तिला विचारून लिहिते आहे.

तिचा मुलगा ९०० ग्रॅमचा होता. एकोणिसाव्या दिवशी त्याचं पोट फुगलं, संसर्ग झाला आणि दोन दिवसांत तो गेला. दुपारची वेळ होती. आत सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं तेव्हाच आम्हाला कळलं. ती बाहेर आली आणि बाकावर तिच्या नेहमीच्या जागी येऊन बसली. आम्ही कुणी काही बोललो नाही. चारने तिचे पाय मांडीवर घेतले आणि चेपत राहिली. संध्याकाळी ती बारामतीला गेली.

त्या रात्री आम्हा चौघींचं फोनवर बोलणं झालं. ग्रुपवर आम्ही "उठले", "आज छान" लिहिणार आणि ते तिला दिसणार. तिला किती लागेल! तिला ग्रुपमधून काढणं तर अशक्यच. म्हणून मीच सुचवलं की आपण दुसरा ग्रुप काढू, जुना तसाच राहू दे. सगळ्यांना ते पटलं. आपण तिची काळजी घेतली असंच आम्हाला वाटलं. नव्या ग्रुपवर तीनचा गजर पहिल्यासारखा सुरू झाला, आणि जुना फोनमध्ये खाली खाली गेला.

चौथ्या दिवशी काहीतरी शोधताना मी जुना ग्रुप उघडला. तिचे तीन मेसेज होते. पहिला, ती गेली त्याच रात्री तीन वाजून पाच मिनिटांनी : "उठले." दुसरा, दुसऱ्या रात्री : "दूध थांबत नाहीये. छाती दगड झालीये. काय करू?" तिसरा, त्याच्या पुढच्या रात्री : "कुणी आहे का?"

मी दिवसाउजेडी स्वयंपाकघरात उभी होते आणि मला उभं राहवेना. तिला फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला. मी सगळं खरं सांगितलं, नवा ग्रुप काढल्याचंही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला विचारायचं तरी. घरात कुणी त्याचं नावसुद्धा काढत नाही. तुम्ही चौघींनीच त्याला बघितलंय." तिच्या सासरच्यांनी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. त्याचे लांब पाय, झोपेत भुवई उडवायची सवय, हे तिच्या नवऱ्याशिवाय जगात फक्त आम्हाला माहीत होतं, आणि आम्हीच बाजूला सरकलो होतो.

मी सिस्टरांना गाठलं. त्यांनी सांगितलं ते तिला कळवलं : पूर्ण रिकामं करायचं नाही, हलकं वाटेल इतकंच काढायचं, दोन वेळांमधलं अंतर रोज थोडं वाढवायचं, गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या, ताप आला किंवा छाती लाल झाली तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. दूध थांबवायच्या गोळ्या असतात, पण तिलाही बीपी होतं, म्हणून डॉक्टरांनी त्या दिल्या नाहीत. दहा-बारा दिवस लागले. त्या दिवसांत ती तीनला उठायची, आणि आम्ही जुन्या ग्रुपवर परत आलो होतो. "आज छान" लिहायचं की नाही, हे आम्ही या वेळी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिहा. सगळ्यांचं लिहा." आणि काही दिवसांनी तिने सांगितलं की रुग्णालयाच्या फ्रीझरमध्ये तिच्या चौदा डब्या शिल्लक होत्या. निघण्यापूर्वी त्या तिने पेढीला देऊन टाकल्या होत्या.

चौथ्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी. दिवसांआधी जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या नीट वाढलेल्या नसतात. चौतिसाव्या आठवड्याआधी किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाला ही तपासणी लागते, आणि पडदा पूर्ण वाढेपर्यंत पुन्हा पुन्हा लागते. वरून बघून काहीच कळत नाही. अकराच्या मुलीला लेझर करावं लागलं, वेळेत झालं, ती आता सगळं बघते. चारचं बाळ तोवर घरी गेलं होतं. तिच्या सासऱ्यांचं म्हणणं, डोळे तर टपोरे आहेत, एवढ्या लांब परत कशाला जायचं? अकराने त्यांना फोन लावला. आपल्या लेकीचं काय झालं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने चार पुण्यात होती. मी कितीही समजावलं असतं तरी ते आले नसते.

मुलगी वाटी-चमच्याने, मग बोंडल्याने, मग अंगावर प्यायला लागली. १,८१० ग्रॅमची झाली तेव्हा घरी आणली. घरी आणल्यावर सगळं सोपं होईल अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. मॉनिटर नव्हता, म्हणून मी रात्रभर तिच्या नाकाशी बोट धरून बसायचे. तीनच्या गजराची गरज उरली नव्हती, आता मुलगीच उठवत होती, पण ग्रुप चालूच राहिला.

त्यामुळेच सहाचं लक्षात आलं. तिचं बाळ धडधाकट घरी गेलं होतं. सलग तीन रात्री तिचं "उठले" आलं नाही. दिवसा विचारलं की "ठीक". अकराला ते "ठीक" खटकलं. फोन केला तर सहा हळू आवाजात म्हणाली, "मला त्याच्याकडे बघवत नाही गं. मी चांगली आई नाही." या वेळी आम्ही आपसात काही ठरवलं नाही. तिलाच विचारलं, तुझ्या नवऱ्याशी बोलू का? ती हो म्हणाली. तोवर तिला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला. तिथे फुकट आणि मराठीत बोलता येतं, रात्रीही. आठवड्याच्या आत ती मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं त्यांनी सुरू केली. बरं व्हायला चार-पाच महिने लागले. त्या काळात दर दोन दिवसांनी कुणीतरी तिला व्हिडिओ कॉल लावायचं आणि काही न बोलता आपापली कामं करत राहायचं. मी भाजी निवडायचे. ती बघत बसायची.

रजेबद्दल मनात राग आहे, तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. मला ती पूर्ण मिळाली. पण त्यातले सहा आठवड्यांहून जास्त रुग्णालयाच्या बाकावर गेले. मी कामावर परतले तेव्हा मुलगी कागदावर सहा महिन्यांची होती आणि दहा आठवडे आधी आल्याचं वजा केलं तर चार महिन्यांचीसुद्धा नव्हती. मानही पुरती धरत नव्हती. अकराला तर कंत्राटदाराने रजा द्यायच्या ऐवजी यादीतून नावच काढलं. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाच्या आईला जास्तीची रजा मिळायला हवी, कारण तिचं बाळंतपण बाळ घरी आल्यावर सुरू होतं.

गेल्या वर्षीपासून ग्रुपमध्ये नव्या आया यायला लागल्या. त्याच सिस्टर आमच्यापैकी एकीला विचारून नंबर देतात. आता एकवीसजणी आहेत. नवीन आलेलीला दोन्ही नियम सांगितले जातात. दोन नंबर अजून ग्रुपमध्येच आहे. मुलगा गेला त्या तारखेला आम्ही चौघी तिला फोन करतो आणि त्याच्या भुवईबद्दल बोलतो.

परवा रात्री मुलीला ताप होता म्हणून मी जागी होते. तीन वाजून सात मिनिटांनी एका नव्या आईचा मेसेज आला. तीन दिवसांपूर्वीच सीझर झालेलं. "अर्धा तास बसलेय. वाटीचा तळसुद्धा झाकला नाही. माझ्याने होणार नाही." मी काय लिहावं याचा विचार करत होते, तेवढ्यात खाली "दोन टाइप करत आहे" असं दिसलं.

"मी जागी आहे," दोनने लिहिलं होतं. "आधी हात गरम पाण्यात धर. बाळाचं वापरलेलं टोपडं आणलंयस ना घरी? ते नाकाशी धर आणि डोळे मिट. पाच मिनिटं काही करू नकोस. मग परत बस, मी थांबते. आणि जेवढं येईल तेवढं डबीत घाल, वर वेळ लिहायला विसरू नकोस."